टिळवा बोटीवरचे आजोबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरचा वक्ता बोलावतो. ह्या वर्षी चिटणीसबाईंनी माझ्यावर हे काम सोपवले, तेव्हा मला संकोच वाटला. मी वक्ती नाही आणि इतिहासाची जाणकार तर मुळीच नाही. मुलुंडच्या एका शाळेत मी गणित शिकवले, एवढेच. पण गेली काही वर्षे मी आमच्या घरातल्या एका माणसाचा शोध घेत होते, आणि त्याची हकीकत तुम्हांपैकी काहीजणींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून उभी राहिले आहे.

तो माणूस म्हणजे माझ्या सासूबाईंचे वडील. सासूबाई आज ह्या सभेत पहिल्या रांगेत बसल्या आहेत. वडील गेले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. त्यांना वडिलांचा चेहरा आठवत नाही आणि घरात फोटोही नाही. गाव गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. गावातले कितीतरी पुरुष बोटीवर. आमच्याकडे सांगत आले ते इतकेच, की आजोबा नेव्हीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेले.

सासूबाईंच्या आईला आम्ही सगळे आये म्हणत असू. मी लग्न होऊन आले तेव्हा आये हयात होत्या. त्यांचे दुःख मला फार उशिरा समजले. नवरा गेला असे कोणी ठामपणे सांगितले नाही, आणि तो परतही आला नाही. बोट बुडाल्याची बातमी मुंबईहून गावात पोचली, पण तिच्या मागोमाग दुसरी बातमी आली की पुष्कळ माणसे वाचून मुंबईला परत आली आहेत. आयेंचा भाऊ लालबागला राहत असे. तो धक्क्यावर जाऊन आला, चार जणांना विचारून आला, पण नक्की काही कळले नाही. आयेंनी कुंकू पुसले नाही. मग गावातल्या बायकांना प्रश्न पडला, हिला हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही? कोणी बोलावी, कोणी टाळी. बारा वर्षे त्यांनी अशी काढली. शेवटी रूढीप्रमाणे दर्भाची प्रतिमा करून पालाशविधी उरकला. त्यानंतर मुलीला घेऊन आये लालबागला भावाकडे आल्या आणि गिरणीकामगारांची खाणावळ चालवून त्यांनी मुलीला शिकवले.

आपल्या मंडळाचा पहिला कार्यक्रम हळदीकुंकवाचा होता. म्हणून हे मुद्दाम सांगितले. सवाष्ण की विधवा हे स्वतःलाच ठाऊक नसलेली बाई दारात उभी राहिली, तर आपण काय केले असते, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता शोधाबद्दल. निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदा गेले ती नौदलाच्या वाटेने. घरातले सगळे पुरुष 'नेव्ही, नेव्ही' म्हणत आले होते ना! त्या काळच्या रॉयल इंडियन नेव्हीविषयी मिळेल ते वाचले. १९४० च्या जूनमध्ये बुडालेली 'पठाण', ६ एप्रिल १९४२ रोजी ब्रह्मदेशात अक्याबला जपानी विमानांनी बुडवलेली 'इंडस', ११ नोव्हेंबर १९४२ रोजी दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंजलेली चिमुकली 'बेंगॉल', ह्या सगळ्यांची मला चांगलीच ओळख झाली. पण आजोबा कुठेच सापडले नाहीत. दोन कार्यालयांना पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले, की नाव सापडत नाही. दुसऱ्याचे आलेच नाही. मी फाइल बांधून माळ्यावर ठेवली.

एके दिवशी सासूबाई डाळ निवडत सहज म्हणाल्या, "आये टिळवा टिळवा करायची." मी विचारले, "टिळवा म्हणजे कोणते गाव?" त्या म्हणाल्या, "गाव नव्हे गो, बोट असावी. ती म्हणायची, टिळव्यावर गेले ते गेले." इतकी वर्षे हा शब्द घरात होता. पुरुषांनी तो कधी सांगितला नाही आणि मीही बायकांना कधी विचारले नाही.

ह्या शब्दाचा अर्थ २०२२ च्या नोव्हेंबरात लागला. 'तिलावा' नावाची आगबोट बुडाल्याला ऐंशी वर्षे झाली म्हणून मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम झाला, त्याची बातमी माझ्या वाचनात आली. तिलावा! आयेंची टिळवा.

ही युद्धनौका नव्हती. ब्रिटिश इंडिया कंपनीची उतारू आणि माल नेणारी ही बोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून पूर्व आफ्रिका आणि डर्बनकडे निघाली. बोटीवर ७३२ उतारू होते, २२२ खलाशी व इतर नोकर होते, आणि तोफा चालवायला चार गोलंदाज. तिसऱ्या रात्री, म्हणजे २३ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास, आय-२९ ह्या जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. माणसे होड्यांत उतरू लागली. बोट लगेच बुडाली नाही म्हणून काहीजण परत चढले, आणि मग दुसरा पाणतीर आला. डंकन नावाचा बिनतारी अधिकारी शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत जागेवर राहिला आणि बोटीबरोबर गेला. दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' ह्या ब्रिटिश युद्धनौकेने ६७४ माणसे पाण्यातून उचलली, पुढे 'कार्थेज' बोटीने आणखी चार. २७ तारखेला बर्मिंगहॅम मुंबईला लागली. आयेंचा भाऊ गेला होता तो ह्याच माणसांना विचारायला. २८० माणसे गेली होती. त्यांत बोटीवरचे नोकर २८.

त्या अठ्ठावीसांत आमचे आजोबा आहेत का, हे आता पाहायचे होते. युद्धात गेलेल्यांची नावे राखणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था आहे. तिची यादी संगणकावर घरबसल्या पाहता येते. आडनाव घालून मी ती पूर्वीच पाहिली होती. ह्या वेळी माझी नात म्हणाली, "आजी, आडनाव सोड. तारीख घाल." तारीख घातली, मुंबईचे स्मारक निवडले, आणि एकेक नाव वाचत गेलो. आजोबा तिथे होते. नाव आणि वडिलांचे नाव, बस्स. आडनाव नाही. इंग्रजी स्पेलिंग असे, की मोठ्याने वाचल्याशिवाय आपले नाव वाटू नये. हुद्दा खलाशी. जहाज तिलावा.

दुसऱ्या युद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची नावे दोन ग्रंथांत लिहिलेली आहेत. एक मुंबईला मस्जिद बंदरच्या खलाशी गृहासाठी, दुसरा चितगावसाठी. नावे सहा हजारांहून अधिक. त्यांत नौदलाची सुमारे चारशे, बाकी सगळे व्यापारी जहाजांवरचे. मी मनाशी हिशेब मांडला. म्हणजे युद्धात गेलेल्या दर पंधरा-सोळा दर्यावर्दींमागे एकच गणवेशातला! बाकीच्यांना बंदूक नव्हती, सलामी नव्हती. त्यांच्या बोटींवर पाणतीर मात्र तेच पडत होते. माझे दीर थोडे हिरमुसले. "म्हणजे नेव्ही नव्हे?" म्हणाले. मी म्हटले, नव्हे, आणि त्यात कमीपणाही नव्हे.

आणखी दोन गोष्टी कळल्या, त्या सांगते. तिलावावर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची चांदी होती. २०१७ साली एका कंपनीने समुद्राच्या तळातून ती वर काढली. २,३६४ लगडी. एकही मोजायची राहिली नाही. तिच्यावरून लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा गेला आणि २०२४ साली निकाल लागला. चांदीचा हिशेब झाला ह्याचे मला वाईट वाटत नाही. पण अठ्ठावीस माणसांपैकी एकाचे आडनाव लिहायचे राहिले.

दुसरी गोष्ट. ज्या आय-२९ पाणबुडीने बोट बुडवली, तिनेच पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून आलेल्या नेताजी सुभाषचंद्र बोसांना उतरवून घेतले आणि पूर्वेकडे नेले. आयेंच्या खाणावळीत नेताजींची तसबीर होती. आयेंना हे कळले असते तर तसबीर उतरवली असती का, असे मी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "नाही. आजही नको उतरवू." ती तसबीर आमच्याकडे आहे.

नाव सापडले त्या संध्याकाळी मी सासूबाईंना नीट बसवून सगळे वाचून दाखवले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न केला, "तिथी कोणती?" जुने पंचांग काढून पाहिले. २२ नोव्हेंबर १९४२ ची रात्र त्रिपुरी पौर्णिमेची. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आये त्या रात्री देवळात पणत्या लावत होती." आणि मग, "आता तिथी तरी समजली. आयेला समजायला हवी होती."

भगिनींनो, कोकणातून ह्या उपनगरांत आलेल्या घरांपैकी किती घरांत असा एखादा 'बोटीवर गेलेला' असेल! त्यांच्यासाठी माझे तीन अनुभव सांगते आणि बसते. घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारा, आणि त्या जो शब्द ज्या उच्चाराने सांगतील तो तसाच लिहून ठेवा. तुम्हांला अर्थ लागला नाही तरी तो सुधारू नका. आडनावावर अडून राहू नका, तारखेने शोधा. आणि माणूस नौदलात नव्हता असे निघाले तर शोध तिथे थांबवू नका.

ह्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेला सासूबाई देवळात दोन पणत्या लावणार आहेत. ज्यांच्या घरचे कोणी समुद्रात गेले असेल त्यांनी आमच्याबरोबर यावे. नाव ठाऊक नसले तरी यावे; नाव मागाहून शोधू. मी मदतीला आहे.