होडी शाकारताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाकारणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घराचं छप्पर येईल. खाडीकाठच्या गावांत मात्र हा शब्द होडीलाही लावतात. पाऊस तोंडावर आला की होडी काठावर ओढायची, टेकू द्यायचे आणि वरून झाकायची, म्हणजेच ती शाकारायची.

परदेशी शिडाच्या नौकांवरची पुस्तकं वाचली तर त्यांत हीच कामं हिवाळ्यासाठी सांगितलेली असतात. तिकडे थंडीत इंजिनातलं पाणी गोठतं, फुगतं आणि लोखंड फोडतं. आपल्याकडे बर्फाची भीती नाही. मुंबई बंदरात हौसेने शिडं हाकणाऱ्यांचा हंगामही मेअखेर संपतो, तो पावसामुळे. यांत्रिक नौकांना तर मासेमारीची बंदीच असते. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर ती ६१ दिवसांची झाली, १ जून ते ३१ जुलै. बिगरयांत्रिक होडीला ही बंदी नाही, पण आषाढातला वारा कायदा वाचून वाहत नाही.

आता एक गोष्ट शहरातल्या माणसाला उलटी वाटेल. लाकडी होडीला खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याचं भय जास्त. मिठात लाकूड बरंच टिकतं. पावसाचं पाणी फळ्यांच्या सांध्यांत साचून राहिलं, की ते कुजायला लागतं. म्हणून होडी ठेवताना पुढची नाळ थोडी उंच, मागची बाजू खाली आणि तळाचं बूच काढलेलं. कितीही झाकलं तरी थोडं पाणी आत येणारच. ते निघून जायला वाट हवी.

खाऱ्या पाण्यातला शत्रू वेगळा. लाकूड पोखरणारा एक किडा असतो. दिसतो अळीसारखा, पण नात्याने तो तिसऱ्या-कालवांच्या कुळातला, शिंपल्याचाच प्राणी. बाहेरून फळीला टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत चाळण झालेली असते. होडी काठावर चांगली सुकली की तो मरतो. म्हणजे हे दोन महिने होडीला नुसती विश्रांती नव्हे, औषधही असतं. पूर्वी झावळ्या पेटवून तळ शेकत, मग चंद्रूस आणि तेलाचा हात देत. मोरीच्या काळजाचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं डिंबेल. त्याचा वास ज्याने घेतला, तो विसरत नाही.

होडी ओढायची ती उधाणाच्या भरतीला, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास. पाणीच तिला निम्मं वर आणून देतं, उरलेलं काम खाली घातलेल्या ओंडक्यांचं आणि माणसांच्या खांद्यांचं. पण मेच्या उधाणाची रेघ पाहून निर्धास्त होऊ नये. पावसाळ्यातली मोठी भरती तिच्याही वर चढते, त्यात पुराचं पाणी मिळतं. होडी त्याहून वर हवी.

टेकू देण्यात खरं कसब. वजन सगळं तळाच्या मुख्य लाकडावर, ज्याला जुने लोक पठाण म्हणतात, त्यावर यायला हवं. बाजूचे टेकू फक्त तोल धरायला. ते फळ्यांवर दाबून बसवले, तर दोन महिन्यांत होडीचं पोट आत जातं. आणि प्रत्येक टेकूखाली रुंद फळी हवीच. जूनमध्ये कडक वाटणारी जमीन जुलैत चिखल होते, एक टेकू रुतला की होडी कलते.

झाकण्यासाठी पूर्वी झावळ्या आणि पेंढा. आता निळं प्लॅस्टिक. ते स्वस्त आहे, पाणी अडवतं, पण लोक ते होडीला आवळून बांधतात आणि आत घाम धरतो. ऑगस्टमध्ये उघडलं की बुरशी. मधोमध आडवी काठी घालून छपरासारखा उतार द्यावा, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवावीत. शीड आणि दोर गोड्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून घरी न्यावेत. ओलं शीड घडी घालून ठेवणं म्हणजे उंदरांना गादी अंथरून देणं. फायबरच्या होडीला किडा लागत नाही, पण टेकू, उतार आणि वारा यांचे नियम तिलाही तेच.

हे सगळं करायला आधी जागा लागते. तिचाच प्रश्न आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं, त्यात आरमाराच्या पावसाळी छावणीचा स्वतंत्र विचार आहे. समुद्र खवळण्याआधी आरमार छावणीला न्यावं आणि दरवर्षी एकाच बंदरात ठेवू नये, असं त्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभारात होडीच्या चार महिन्यांच्या मुक्कामाची नोंद होती! आमच्या रोडपालीच्या बाजूला कळंबोली वसली, रस्ते झाले, तळोजा औद्योगिक वसाहतीतून येणारी कासाडी काय काय घेऊन खाडीला मिळते ते साऱ्यांना ठाऊक आहे. कांदळवनाला न्यायालयाचं संरक्षण मिळालं, ते मिळायलाच हवं होतं, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण कांदळवन आणि काँक्रीट यांच्या मधली ती उतरती मोकळी पट्टी, जिथे होड्या ओढायच्या, ती कोणाच्याच सातबाऱ्यावर गावाच्या नावाने चढली नव्हती. वहिवाट होती. नकाशात घरं येतात, उद्यानं येतात, गाड्यांचा तळ येतो. होडी ठेवायचा काठही तसाच रंगवून दाखवायला काय हरकत आहे? होडी पावसाळाभर पाण्यातच बांधून ठेवावी लागली, तर ती काही वर्षांत संपते आणि मग म्हणायचं, की पोरांना होडीत रस उरला नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात सोडला, तरी सुकलेली होडी लगेच हाकायची नसते. उन्हावाऱ्याने फळ्या आकसलेल्या असतात, पहिल्या दिवशी ती गळणारच. आधी बूच घट्ट बसवायचं, होडी उथळ पाण्यात उभी करायची आणि दोन-चार भरत्या जाऊ द्यायच्या. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. आतलं पाणी उपसून पाहायचं. सकाळी तळ कोरडा दिसला, की मग घरून शीड आणायचं.