अर्ध्या पोटी निजणारी बॅटरी

(बेंगळुरूतील मराठी श्रोत्यांसमोर वसंत व्याख्यानमालेत झालेले व्याख्यान)



ही निळ्या वेष्टनातली वस्तू पहिल्या रांगेपासून हातोहात मागे जाऊ द्या. घाबरू नका, ती मेलेली आहे. मूळची साबणाच्या वडीसारखी चपटी होती, आता पोटावर बोट ठेवलंत तर उशीसारखी लागेल. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानातली ही लिथियम-पॉलिमर बॅटरी. आम्ही उडवणारे तिला ‘लिपो’ म्हणतो, आणि तारांसकट सबंध जुडग्याला ‘पॅक’. हा पॅक विमान कोसळून मेलेला नाही. तो कपाटात मेला, आणि मारला मी.

झालं असं. शनिवारी रात्री चार पॅक काठोकाठ चार्ज करून ठेवले. बेंगळुरूचा एप्रिल-मे तुम्ही जाणताच. दिवसभर ऊन आणि संध्याकाळी ढगांचा गडगडाट. त्या रात्री पाऊस असा कोसळला की सकाळी मैदानात चिखल. पुढच्या रविवारी बेळगावला लग्न, त्याच्या पुढच्या रविवारी वारा. पाच आठवडे ते पॅक भरल्या पोटी पडून राहिले, तेही वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखालच्या कपाटात. उघडून बघतो तर दोघांना पोटं आलेली. (हशा)

आपल्याकडे भरलेलं ते शुभ. माठ भरलेला हवा, कणगी भरलेली हवी, नवी सून उंबऱ्यावर लवंडते ते मापही भरलेलं. घरातल्या इन्व्हर्टरनं ही समजूत आणखी पक्की केली, कारण त्यातल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीला खरोखरच भरलेलं राहणं मानवतं. रिकामी ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. निकेल-कॅडमियमच्या काळात वाढलेले माझ्यासारखे लोक नेमकं उलटं शिकले: आधी पूर्ण रिकामी करा, मग भरा. लिथियमला या दोन्ही सवयी सोसत नाहीत. तिला अर्ध्या पोटी निजायचं असतं.

आकड्यांत सांगतो. लिपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. पडून राहायचा असेल तर ३.८ ते ३.८५. उडवताना ३.५ च्या आसपास उतरायला लागावं, आणि ३ च्या खाली कधीही जाऊ नये. ४.२ वर सेलच्या आतला धन बाजूचा थर इतका आक्रमक असतो की शेजारच्या द्रावणाचं हळूहळू विघटन करत राहतो. त्यातून वायू सुटतो. आपल्या बहुतेक मोबाइलच्या बॅटरीप्रमाणेच लिपोलाही धातूचं कडक कवच नसतं, नुसती पातळ पिशवी असते. म्हणून ती फुगते. उष्णता मिळाली की हे सगळं वेगानं होतं. बंद मोटारीच्या डिकीत भर दुपारी भरलेले पॅक ठेवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांना मी शहाणपण शिकवू नये, कारण माझं कपाट डिकीपेक्षा फार थंड नव्हतं.

दुसऱ्या टोकाला ३ च्या बरंच खाली गेलात की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची पायाभरणी होते. म्हणून ‘मेलेला’ पॅक जुन्या चार्जरवर फसवून जागा करण्याची जी कला काही जण अभिमानानं दाखवतात, ती माझ्या घरात बंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी नाजूक वस्तू विमानात घ्यावीच कशाला? तर वजनासाठी. या शहरात मराठी माणसानं हा हिशेब फार पूर्वी मांडला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले, १९४२ मध्ये इथल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे होती, आणि त्यांनी आराखडा केलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली याच बेंगळुरूच्या आकाशात उडालं. विमान कितीही मोठं असो वा छोटं, प्रत्येक ग्रॅमला जाब द्यावा लागतो. तुमच्या हातातला पॅक साधारण १८० ग्रॅमचा. त्यात २.२ अँपिअर-अवर गुणिले तीन सेलचे मिळून ११.१ व्होल्ट, म्हणजे सुमारे २४ वॉट-अवर ऊर्जा मावायची. तेवढीच ऊर्जा निकेल-कॅडमियममध्ये न्यायची तर अर्धा किलो तरी ओझं झालं असतं. आणि आमचं शिकाऊ फोमचं विमान सगळं मिळून किलोभराचं. पूर्वी एरंडेल मिसळलेल्या मिथेनॉलवर चालणारी इंजिनं कानठळ्या बसवायची आणि सदऱ्याला वास लावायची, ती मागे पडायला लिथियमच कारण झालं. वासाची आठवण मात्र मला अजून येते.

चार्जिंगचा नियम सोपा आहे: जितक्या अँपिअर-अवरचा पॅक, तितक्या अँपिअरनं भरा. २.२ चा असेल तर २.२ अँपिअर, साधारण तासाभरात काम होतं. घाई केली तर लिथियम ऋण बाजूच्या ग्राफाइटच्या थरात शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचू लागतं. पण खरी गोम वेगळीच आहे. तीन सेल ओळीनं जोडलेले असतात. बेरीज १२.६ व्होल्ट दिसली की आपण समाधानी. पण ४.३०, ४.१५ आणि ४.१५ यांचीही बेरीज १२.६ च होते! एक भाऊ अजीर्णानं फुटायला आलाय आणि दोघे उपाशी, तरी घराचं सरासरी जेवण उत्तम. त्यासाठीच ही पांढऱ्या प्लगची बारीक तारांची शेपटी असते, तिला बॅलन्स लीड म्हणतात; ती लावल्याशिवाय चार्जर सुरू करायचा नाही. एस. पी. रोडवर तीन-चारशे रुपयांत सेलागणिक व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर मिळतो. विमान घेण्याआधी तो घ्या.

उडताना बॅटरी बघता येत नाही, म्हणून घड्याळ बघायचं. सरासरी १२ अँपिअर खाणारं विमान असेल आणि पॅकचा वीस टक्के भाग राखून ठेवायचा असेल, तर वापरायला उरले १.७६ अँपिअर-अवर, म्हणजे पावणेनऊ मिनिटं. मी रिमोटचा गजर सातवर लावतो, कारण उतरताना एकदा तरी धावपट्टी हुकते. मोटरवरचं नियंत्रक सर्किट व्होल्टेज उतरल्यावर मोटर बंद करतं आणि उरलेली वीज पंख-शेपटीचे पट्टे हलवणाऱ्या छोट्या मोटरींसाठी, म्हणजे सर्व्होंसाठी, राखतं. तेवढ्या भरवशावर उडणारे असतात. त्यांची विमानं मग मैदानाबाहेरच्या निलगिरीत शोधावी लागतात. शिवाय येलहंका, जक्कूर, एचएएल आणि देवनहळ्ळी असे विमानतळ भोवती असलेल्या या शहरात कुठे उडवायचं, हे सरकारी नकाशावर आधी पाहावं लागतं. तो विषय मोठा, आज नको.

आगीबद्दल थोडं. नाकावर आपटलेल्या विमानातला पॅक वरून धडधाकट दिसला तरी त्याला लगेच गाडीत घेऊ नका, अर्धा तास मोकळ्या जमिनीवर ठेवून लांबून बघा. घरात चार्जिंग मातीच्या मोठ्या कुंडीत, फरशीवर, पडद्यांपासून दूर, आणि दाराच्या वाटेवर मुळीच नाही. पेटलंच तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी. ‘लिथियमवर पाणी घालू नये’ हे तुम्ही ऐकलं असेल. ते शुद्ध धातूबद्दल खरं आहे. या बॅटरीत प्रश्न उष्णतेचा असतो, एक सेल पेटला की शेजाऱ्याला पेटवतो, आणि भरपूर पाणी हाच ती थंड करण्याचा उपाय. पण धूर विषारी असतो, तेव्हा शौर्य दाखवण्याआधी माणसं बाहेर काढा. चार्जर लावून बाजारात जाणं आमच्या घरी गॅस चालू ठेवून जाण्याइतकंच निषिद्ध आहे. हा कायदा माझा नाही, सौभाग्यवतींचा. (हशा)

आता मी शनिवारी रात्री काही भरत नाही. पॅक ३.८ वर झोपलेले असतात. रविवारी साडेपाचला उठून आभाळ बघतो, मग चार्जर लावतो; अर्ध्यावरून भरायला पाऊण तास पुरतो, तोवर कॉफी होते. न उडवता परत आलो तर त्याच संध्याकाळी चार्जरचं ‘स्टोरेज’ बटण दाबून त्यांना पुन्हा अर्ध्यावर आणतो.

तो पॅक कुठवर पोचला? शेवटच्या रांगेत? बरं. फुगलेला दिसल्यावर मी तो गच्चीवर नेऊन मोटारीच्या बारा व्होल्टच्या दिव्याला जोडला. दिवा आधी लख्ख, मग पिवळा, मग नुसती लाल तार. दुसऱ्या दिवशी शून्य व्होल्ट. उद्या तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर जाईल, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो घरच्या केराच्या डब्यात टाकायचा नसतो. तोवर खुशाल हाताळा, फक्त कुणी पिशवीला टाचणी लावू नका. आत काय आहे ते मी सांगितलंच आहे.