आठवा सर्व्हर

सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘रिस्क रजिस्टर’ नावाची एक नोंदवही असते. हल्ली एक्सेलची फाइल. धोका कोणता, किती गंभीर, जबाबदार कोण, हे तिच्यात उत्साहाने लिहिलं जातं. पुढे त्या धोक्याची विचारपूस करायला आणि शेवटी त्याला रीतसर निकालात काढायला मात्र कोणाला सवड नसते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीला ही हेळसांड भोवली.

नाइटच्या ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रणेत ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय होती. 2003मध्ये तिचा वापर थांबला, पण कोड तसाच राहिला. धोका जन्मला तो इथे. 2005मध्ये, किती शेअर घेऊन झाले हे मोजून ऑर्डरी थांबवणारा भाग प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे हलवला. पॉवर पेग पुन्हा चालू झालं तर थांबेल का, हे कोणी तपासलं नाही. वापरातच नसलेल्या गोष्टीची चाचणी कोण घेणार? माझ्या मते यात प्रोग्रॅमरचा दोष थोडा. त्या कोडला कोणी वाली नव्हता, आणि तो नेमणं व्यवस्थापनाचं काम.

2012च्या जुलैअखेर नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. त्यासाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग, म्हणजे ती सोय चालू करणारी खूण, पुन्हा वापरला. सात सर्व्हरांवर कोड चढला, आठवा राहिला. दुसऱ्याने पडताळून पाहावं, असा लेखी नियमच नव्हता. 1 ऑगस्टला बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने पॉवर पेगचा उल्लेख असलेले 97 ईमेल कर्मचाऱ्यांना धाडले. पण ते धोक्याचे इशारे म्हणून वाचायची तिथे रीतच नव्हती. बाजार उघडला, त्या फ्लॅगने आठव्या सर्व्हरवरचं जुनं पॉवर पेग जागं केलं आणि तो सर्व्हर ऑर्डरींवर ऑर्डरी सोडत सुटला. गोंधळात लोकांनी काय केलं? नीट चाललेल्या सात सर्व्हरांवरून नवा कोड काढून टाकला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मग तिथेही जुना कोड जागा झाला. पाऊण तासात 154 कंपन्यांच्या शेअरांचे 40 लाखांवर व्यवहार झाले, तोटा 46 कोटी डॉलरांहून जास्त. वर्षभराच्या आत नाइट ‘गेटको’ या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. बाजार नियामकाने 2013च्या ऑक्टोबरमध्ये 1 कोटी 20 लाख डॉलर दंड ठोठावला, तो वेगळाच.

मला त्या नियामकाच्या आदेशातली एक जुनी नोंद अधिक बोलकी वाटते. ऑक्टोबर 2011मध्ये नाइटने आपत्कालीन व्यवस्थेची चाचणी घेतली होती. चाचणीचा डेटा चुकून त्यानंतरच्या सोमवारी खऱ्या बाजारातही वापरला गेला आणि जवळपास 75 लाख डॉलर बुडाले. त्यावर त्या एका यंत्रणेची डागडुजी झाली, चाचणीच्या तपासणी-यादीत एक बाब वाढवली गेली. चुकीच्या ऑर्डरी बाकीच्या यंत्रणांमधूनही बाहेर पडू शकतील का, हा प्रश्न कोणी घेतलाच नाही. पुढचा ऑगस्ट तेव्हा दहा महिन्यांवर होता.