रुपयाचा भाव आणि रिझर्व्ह बँक



आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत आज थोरला मुलगा परदेशातून पैसे पाठवितो आणि धाकट्याच्या शिक्षणासाठी वडील परदेशी पैसे धाडतात. रुपया उतरला की थोरल्याच्या पैशाला येथे अधिक मोल येते, आणि धाकट्याची फी जड होते. मग रिझर्व्ह बँक रुपयाचा भाव एकदाचा बांधून का टाकीत नाही, असे आम्हांस पुष्कळदा विचारले जाते. त्याचेच उत्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

भाव बांधून ठेवण्याचा अनुभव आपल्या देशाने घेतलेला आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपये करावा लागला. १९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा जुलैत दोनदा अवमूल्यन झाले आणि सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवावे लागले. सोने गहाण पडणे म्हणजे काय, हे येथे जमलेल्या भगिनींना सांगावयास नको. मार्च १९९३ पासून भाव बाजारात ठरू लागला.

तथापि बँक स्वस्थ बसत नाही. डॉलर मुबलक येतात तेव्हा ती ते विकत घेऊन साठविते, आणि टंचाई पडली की विकते. विक्रीमुळे बाजारातील रुपये तिच्याकडे परततात व रुपया सावरतो. परंतु त्याचबरोबर व्याजही चढते आणि कारखानदारास कर्ज महाग पडते.

२०१३ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी आवरती घेण्याचे सूचित केले. मेच्या आरंभी सुमारे ५४ रुपयांना मिळणारा डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांपलीकडे गेला. तेव्हा बँकांनी अनिवासी भारतीयांकडून घेतलेल्या डॉलर ठेवींची विनिमय-जोखीम रिझर्व्ह बँकेने सवलतीच्या दराने स्वतःकडे घेतली. या व अशाच दुसऱ्या सवलतीतून नोव्हेंबरअखेर सुमारे ३४ अब्ज डॉलर आले आणि रुपया स्थिरावला. पूर्वीच्या भावावर मात्र तो परतला नाही.

तात्पर्य, बँक धक्का सौम्य करू शकते. ओघ उलटवू शकत नाही. म्हणून मुलांना परदेशी धाडताना चढत्या डॉलरची तरतूद आधीच करावी. आपल्या मंडळानेही विद्यार्थी-साहाय्याची रक्कम रुपयांत कायमची न बांधता प्रतिवर्षी तपासून पाहावी, अशी आमची नम्र विनंती आहे.