आकडा वाचा, मग अंगठा ठेवा
(साक्षरता-वर्गापुढे केलेले भाषण)



गुरुजींनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी काही पंडित नव्हे. कंधार तालुक्यातला शेतकरी माणूस. पण टपालाने मला दोन धडे शिकवले. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी थोडी जुनी हकिकत. आपले नांदेड आणि लातूर पूर्वी निजामाच्या राज्यात होते. निजामाचे टपालखाते वेगळे होते. त्याची पहिली तिकिटे १८६९ साली निघाली. पण ती राज्यापुरतीच चालत. पुण्या-मुंबईला कागद धाडायचा, तर इंग्रज सरकारचे तिकीट लावावे लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५० साली निजामी टपालही भारताच्या टपालखात्यात मिळाले. मग एकच तिकीट देशभर चालू लागले.

आज देशात दीड लाखाहून जास्त पोस्टे आहेत. दहांतली नऊ खेड्यापाड्यांत आहेत. एवढा मोठा पसारा कसा चालत असेल? पाहा. आपण पेटीत पत्र टाकतो. पोस्टात त्याच्यावर शिक्का बसतो. थैलीत भरून ते मोठ्या ठिकाणी जाते. तिथे पत्रे निवडतात आणि ज्या त्या वाटेची थैली बांधतात. पुन्हा गाडी, पुन्हा पोस्ट, आणि शेवटी पोस्टमनची पायपीट. श्रावणात राख्यांची पाकिटे येतात, तेव्हा तर कामाची झुंबड उडते.

पूर्वी पत्रे निवडणाऱ्याची फार पंचाईत होई. पत्ता कोणी मराठीत लिही, कोणी तेलुगूत, कोणी उर्दूत. शिवाय एकाच नावाची गावे किती! पिंपळगावे तर जागोजाग आहेत. यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तोड काढली. हे टपालखात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे जाणकार. त्यांनी पिन कोड बसवला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला.

पिन कोडात आकडे सहा. पहिला आकडा देशाचा भाग सांगतो. पहिले तीन मिळून पत्रे निवडण्याचा विभाग कळतो. शेवटचे तीन आकडे पोस्ट दाखवतात. नांदेडचा पिन ४३१६०१. लातूरचा ४१३५१२. आता दोन्हींचे पहिले तीन आकडे नीट पाहा. नांदेडचे चार, तीन, एक. लातूरचे चार, एक, तीन. आकडे तेच, जागा बदलली की वाट बदलली!

इथेच मी चुकलो. माझी बहीण अहमदपूरला दिली आहे. तिचा पिन ४१३५१५. मुलीच्या लग्नाचे पत्र मी घाईघाईने लिहिले, आणि सवयीने ४३१ मांडले. पत्र भलत्याच वाटेने गेले. फिरून फिरून पोचले, तेव्हा लग्न होऊन आठ दिवस झाले होते. बहीण म्हणाली, "दादा, मला बोलावणंच नव्हतं का रे?" चूक माझी. पोस्टाला काय बोल लावणार?

दुसरा धडा त्याच्याही आधीचा. तेव्हा मी तिसरीत होतो. थोरला भाऊ मुंबईच्या गिरणीत होता. दर महिन्याला आईला मनीऑर्डर करी. आई अंगठा द्यायची. साक्षीला गावातला एक लिहिता-वाचता माणूस असायचा. तो रुपये मोजून आईच्या हातावर ठेवायचा. एकदा मनीऑर्डरचा खालचा तुकडा मी उचलला आणि अक्षर लावून वाचला : "पन्नास रुपये." आईच्या पदरात पंचेचाळीस होते. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लेका, मला आकडा कळला असता, तर असं झालं नसतं रं."

मंडळी, ते दिवस गेले. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून देशातली रजिस्टरी स्पीड पोस्टात मिळाली. पोस्टात आता संगणक आहे. १ सप्टेंबर २०१८ ला पोस्टाची पेमेंट्स बँक निघाली. तिच्यामुळे पोस्टमन यंत्र घेऊन दारात येतो. आधारशी जोडलेल्या खात्यातले पैसे अंगठा लावून देतो. म्हातारी माणसे, लांबच्या तांड्यावरची माणसे, यांची मोठी सोय झाली.

पण गंमत पाहा. साक्षर झालो म्हणजे अंगठा सुटला, असे आपण म्हणत होतो. तो अंगठा पुन्हा आला! यात लाज नाही. भीती एकाच गोष्टीची आहे. न वाचता लावलेला अंगठा आजही आईच्या अंगठ्यासारखाच आहे. यंत्र अंगठा ओळखते. तुमच्या हातात किती रुपये पडले, ते यंत्राला कळत नाही. ते तुम्हीच मोजायचे.

म्हणून एवढे करा. यंत्रावरचा आकडा आधी मोठ्याने वाचा. मग अंगठा ठेवा. पैसे दोनदा मोजा. पावती मागा. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. बचतीचे पासबुक असेल, तर त्यातली नोंद स्वतः पाहा.

आणि उद्या एक पोस्टकार्ड आणा. जवळच्या माणसाला चार ओळी लिहा. नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि पिन. एकेका चौकटीत एकेक आकडा, सावकाश मांडा. ज्याला आकडा कळला, त्याचे पत्र पोचते आणि त्याचा पैसाही पुरा पोचतो.