वकिलाचे दप्तर आणि ‘क्लाऊड’
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील काही तरुण वकिलांनी एकत्र येऊन पेढी काढली आहे, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. ही पेढी आता आपले सारे दप्तर ‘क्लाऊड’वर नेण्याच्या विचारात आहे. त्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आम्ही शाळामास्तर. कायद्याचे शिक्षण आम्हांस नाही, यंत्रविद्येचे तर नाहीच नाही. परंतु शाळेचे दप्तर आम्ही वर्षानुवर्षे सांभाळले आणि वकिलाच्या कचेरीत पक्षकार म्हणूनही बसलो. तेवढ्या अधिकारावर बोलत आहोत.

दि. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. आमच्या घरच्या वाटणीच्या दाव्याचे कागद तेथील एका वकीलसाहेबांच्या तळमजल्यावरील कचेरीत होते. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो, तो बासनांचा चिखल झालेला. न्यायालयात दाखल झालेल्या कागदांच्या नकला पुढे अर्ज करून मिळाल्या. परंतु चुलत्यांच्या हातची पत्रे व पावत्या अद्याप दाखल व्हावयाच्या होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच. वकीलसाहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांस दोष देण्यास आमची जीभ वळली नाही.

तेव्हा, कागद एकाच खोलीत ठेवू नयेत, हे आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. प्रश्न पुढचा आहे. ‘क्लाऊड’ म्हणजे मेघ. परंतु यात आकाशातले काहीच नाही. दुसऱ्याच्या इमारतीतील यंत्रांवर भाडे भरून आपले दप्तर ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली.

कोणी म्हणेल, परक्याच्या घरी कशाला? आपले यंत्र आपल्या कचेरीत बरे. त्यांनी डीएलए पायपर या अनेक देशांत शाखा असलेल्या वकिलांच्या पेढीची हकिकत ध्यानात घ्यावी. दि. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम तिच्या संगणकांत शिरला आणि एवढ्या मोठ्या पेढीचे टेलिफोन व ई-मेल बंद पडले. उलट, मेघावर भिस्त ठेवून निर्धास्त झोपणाऱ्यांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग आठवावे. दि. १० मार्च २०२१ रोजी तेथील ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास आग लागून एक इमारत भस्मसात झाली. ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली होती ते सावरले. ज्यांची मूळ प्रत व नक्कल एकाच आवारात होती, त्यांतील कित्येकांची माहिती कायमची गेली. चिपळुणात पाणी आले, तेथे अग्नी आला. चूक मात्र एकच.

येथे कायदा काय म्हणतो तेही पाहावे. पक्षकाराने वकिलास विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, हे बंधन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते. दि. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमातही ते आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी जबाबदारी मूळ माहिती घेणाऱ्याचीच, असे त्याचे धोरण आहे. सारांश, दप्तराची जागा भाड्याने घेता येते, उत्तरदायित्व भाड्याने देता येत नाही.

आता स्थलांतराविषयी. शासनाच्या ‘सरल’ प्रणालीसाठी विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर चढविताना आमच्या हातून एका मुलीच्या जन्मतारखेतील दिवस व महिना उलटे पडले. जुने जनरल रजिस्टर कपाटात होते म्हणूनच चूक सापडली आणि सुधारता आली; अन्यथा त्या निरपराध मुलीस दाखल्यासाठी किती उंबरठे झिजवावे लागले असते! म्हणून तरुण वकिलांस आमची विनंती अशी :

प्रथम सर्व प्रकरणांची यादी करावी. निकाली निघालेली प्रकरणे आधी न्यावीत, चालू प्रकरणे मागाहून. नेलेल्या फायलींची संख्या मोजावी आणि काही उघडून पाने ताडून पाहावीत. ताळा जमेपर्यंत जुनी व्यवस्था मोडू नये. मूळ दस्तऐवज तर कधीच टाकू नयेत. करार करण्यापूर्वी कंपनीस तीन प्रश्न लेखी विचारावेत : आमचे दप्तर कोणत्या देशात राहील? दुसरी प्रत कोठे असेल? आणि उद्या आम्ही भाडे बंद केले, तर सर्व कागद वाचता येतील अशा रूपात किती दिवसांत परत द्याल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अस्पष्ट आले, तर सही करू नये.

शेवटची गोष्ट कारकुनाची. पासवर्ड कचेरीतील सर्वांचा एकच, आणि तोही भिंतीवर चिकटविलेला, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. प्रत्येकाची किल्ली वेगळी असावी, मोबाईलवर येणाऱ्या अंकांची दुसरी कडी असावी, आणि ज्याचे जेवढे काम तेवढेच दार त्यास उघडे असावे. जुन्या कारकुनास हे धीराने शिकवावे. कोणते प्रकरण कोणत्या बासनात आहे, हे त्याच्या इतके कोणास ठाऊक असते?

खेड्यातली एखादी विधवा बहीण पदराआडून कागदांची पुरचुंडी काढून वकिलाच्या हाती देते, तेव्हा ते कागद कोठे राहतील हे ती विचारीत नाही. ती वकिलाचे तोंड पाहते. हे ध्यानात ठेवून आपल्या तरुणांनी नवे साधन खुशाल स्वीकारावे. त्यांच्या उद्योगास यश येवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.