उन्हाळ्याची सुट्टी, हमीचे काम आणि जूनची फी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



जून महिना आपल्या घराला दोन बाजूंनी ओढतो. एकीकडे बियाणे-खते घ्यायची, दुसरीकडे कॉलेजची फी भरायची. पैसा मात्र एकच. मग उसनवारी होते, नाहीतर शिक्षण थांबते. आणि थांबते ते बहुधा मुलीचे. परीक्षा संपल्यापासून पाऊस पडेपर्यंत हीच मुले काही आठवडे घरी असतात. त्या दिवसांत त्यांना सरकारी खर्चाने काम मिळू शकते. त्याविषयी आज चार गोष्टी सांगतो.

आपल्या राज्याला हे नवीन नाही. कै. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ही योजना राज्यभर पोचली. खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. देशाचा 2005 चा कायदाही याच वाटेने आला. तेव्हा हे काम म्हणजे उपकार नव्हे, हक्क आहे.

हमी ग्रामीण कुटुंबातील प्रौढ व्यक्तींसाठी आहे. वयाची 18 वर्षे पूर्ण झालेली आणि अंगमेहनतीस तयार असलेली कोणीही व्यक्ती काम मागू शकते. कॉलेजात नाव आहे म्हणून हा हक्क जात नाही.

आता काय करावे? परीक्षेपूर्वीच ग्रामपंचायतीत जाऊन कुटुंबाच्या रोजगार कार्डावर मुला-मुलीचे नाव लावून घ्यावे. त्यांच्या स्वतःच्या नावाचे बँक किंवा पोस्ट खाते असावे. काम तोंडी मागू नये. लेखी अर्ज द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची मागणी याच पोचेवर करता येते. रोजची हजेरी लागली की नाही, हे त्याच दिवशी पाहावे.

दिवसांची हमी माणशी नसून कुटुंबाला आहे, हेही ध्यानात ठेवा. मुलाने केलेले दिवस घराच्या हिशेबात धरले जातात. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात वर्षाला 100 ऐवजी 125 दिवसांची हमी आहे; पण पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात एकूण 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. म्हणून उन्हाळ्याचे दिवस अधिक मोलाचे.

दोन पथ्ये पाळा. 18 वर्षांखालील मुलाचे वय वाढवून नाव लावू नका. कामावर न जाता हजेरीवर नाव चढवू देऊ नका. त्यात आपल्याच घराचे दिवस जातात.

शिकलेल्या मुलाने टिकाव धरण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हे सूत्र याच मातीत रुजवले. शिवाय हजेरी आणि मोजमाप वाचू शकणारी मुलगी कामावर असली, तर शेजारच्या निरक्षर बाईचीही मजुरी बुडत नाही.

यंदा मुलांची परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. अर्ज आधी तयार ठेवा, म्हणजे जूनमध्ये बियाणेही येईल आणि फीही भरली जाईल.